दिवाळीच्या सुट्टीत लोककलेचा कार्यक्रम आणि कंपनीचं पाठबळ: नागपूरच्या नव्या मंडळांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या ले-आऊटमध्ये किंवा वस्तीत खडी गंमत (आपल्याकडचं तमाशाच्या अंगानं जाणारं लोकनाट्य), भारूड, गोंधळ, रेला (गोंडांचं समूहनृत्य) असं काही ठेवावं आणि त्याला बुटीबोरी-हिंगण्याच्या एखाद्या कंपनीनं हातभार लावावा, असं बऱ्याच मंडळांना वाटतं. पत्र जातं, उत्तर येत नाही. कंपनीला द्यायचंच नसतं, असं फार कमी वेळा असतं. पत्र चुकीच्या महिन्यात गेलेलं असतं, नाहीतर चुकीच्या टेबलावर पडलेलं असतं. आमचं मंडळ या सगळ्यातून गेलं आहे. ज्या गोष्टी आम्हाला विचारत विचारत कळल्या, त्या इथे क्रमानं लिहिते.

आधी एक आग्रह सांगते. कंपनीकडे मागायची पहिली गोष्ट म्हणजे कलाकारांचं मानधन. मंडप, एलईडी पडदा, स्वागताचे फलक यांच्यासाठी पैसे सहज उभे राहतात आणि ज्याच्यासाठी लोक जमले, त्या शाहिराला शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला जातो. ही पद्धत मोडायची असेल तर अर्ज लिहितानाच मोडावी लागते.

१. कंपनीची तीन दारं ओळखा

कंपनीतून मदत तीन वाटांनी येते. तिन्हींचे नियम वेगळे आणि बसणारी माणसंही वेगळी.

पहिलं दार सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त असेल, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कोणती कामं चालतात त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि तिच्यात कला-संस्कृतीचं जतन, पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे लोककलेसाठी मागताना संकोच करायचं कारण नाही. शाळा आणि दवाखान्याइतकीच ती यादीत बसते.

पण इथे एक मोठा खड्डा आहे. कंपनीच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही. केवळ कंपनीच्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं कामही नाही. एकदाच होऊन संपणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये बसत नाहीत, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०१४ सालीच परिपत्रक काढून सांगितलं होतं. त्यामुळे ‘दिवाळीत एक संध्याकाळ, मंचावर कंपनीचा मोठा लोगो’ असा अर्ज सीएसआरच्या टेबलावर नेला तर तो परत येणारच. तिथे प्रकल्प मांडा: सुट्टीत वस्तीतल्या मुलांसाठी शाहिराकडून डफ आणि पोवाड्याची शिकवणी, वर्षभर महिन्यातून दोनदा सराव, वाद्यांची खरेदी, जुन्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण आणि शेवटी मुलांचं सादरीकरण. तुमची दिवाळीची संध्याकाळ या प्रकल्पाचा एक टप्पा म्हणून आली तर ती शोभते आणि नियमातही बसते.

दुसरं दार जाहिरात किंवा मार्केटिंग विभागाचं. हे प्रायोजकत्व. इथे लोगो, फलक, निवेदनात नाव, सगळं उघडपणे मागता-देता येतं. नोंदणीची किचकट अट नसते, पण हा व्यवहार व्यापारी असल्यानं बिल द्यावं लागतं आणि त्यावर जीएसटीचा प्रश्न येतो. तो कोणी भरायचा हे देणारा कोण आणि घेणारा कोण यावर ठरतं. बोलणी पक्की होण्याआधी सीएला विचारा.

तिसरं दार मनुष्यबळ किंवा खरेदी विभागाचं. कंपनी दिवाळीत कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देते, कुटुंबमेळावा घेते. त्या भेटी स्थानिक कारागिरांकडून घेतल्या, मेळाव्यात स्थानिक कलाकार बोलावले, तर नव्या मंजुरीची गरजच पडत नाही, कारण तो खर्च कंपनी एरवीही करतच असते. नव्या मंडळानं माझ्या मते इथून सुरुवात करावी. त्यावर खाली वेगळं लिहिलं आहे.

२. महिना चुकवू नका

सीएसआरचा वार्षिक कृती आराखडा संचालक मंडळ आर्थिक वर्षासाठी मंजूर करतं. त्यामुळे त्या दारावर एप्रिल ते जूनमध्ये जायचं. प्रायोजकत्वाची बोलणी पोळ्याच्या आधी सुरू करा, गणपती बसले की सगळ्या शहराची पत्रं एकदम कंपन्यांत पोचतात. भेटवस्तूंची मागणी कारागिरांना दसऱ्याच्या किमान दोन महिने आधी मिळायला हवी. ऑक्टोबरात गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच ऐकायला मिळेल आणि ते खरंही असतं.

३. पत्र लिहिण्याआधी कलाकारांशी बोला

आपल्या भागातल्या कलांची स्वतःची दिनदर्शिका आहे, ती समजून घेतल्याशिवाय तारीख ठरवू नका.

झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम भाऊबीजेपासून सुरू होतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत मंडई (जत्रा) भरते, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात आणि रात्रभर नाटकं चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्या कंपन्यांचं बुकिंगचं मुख्य ठाणं. भाऊबीजेनंतर तिथला नट तुम्हाला नागपुरात मिळणं कठीण, आणि मिळवायचा प्रयत्नही करू नये, कारण त्याच काही महिन्यांच्या कमाईवर त्याचं घर चालतं. झाडीपट्टीतले अभिनेते परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हापासून शहरातल्या लोकांना या रंगभूमीचं नाव तरी माहीत झालं आहे. तिला बोलवायचं तर धनत्रयोदशीच्या आधीची तारीख धरा.

बलिप्रतिपदेला गोवारी बांधव गायगोधनात, म्हणजे गाईगुरांच्या पूजेच्या सणात, गुंतलेले असतात. ढालीची पूजा आणि तो नाच त्यांचा धर्माचार आहे. त्या दिवशी त्यांना मंचावर या म्हणू नये. बघायचं असेल तर आपण त्यांच्याकडे जावं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कोलाम आणि गोंड वस्त्यांतली दंडार (पारंपरिक नाच-गाणं) हीसुद्धा ऐन दिवाळीतच असते.

खडी गंमत, भारूड, गोंधळ, भजनी मंडळं यांच्या तारखा त्यामानानं जुळवता येतात. नागपूर, भंडारा, गोंदिया जिल्ह्यांत खडी गंमतीच्या पार्ट्या आहेत. शाहिराला फोनवर ‘किती घेता?’ असं विचारू नका. जाऊन भेटा, सोबत किती माणसं असतात, किती वेळ लागतो, कशानं येतात, रात्री मुक्काम लागेल का, हे लिहून घ्या. ढोलकीवाला, चोनकेवाला, झांजवाला, नाच्या, सोंगाड्या, प्रत्येकाचा वाटा वेगळा असतो. ओळख नसेल तर सिव्हिल लाईन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात चौकशी करा. देशातल्या सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांपैकी हे एक, आणि त्याचं मुख्यालय आपल्याच गावात आहे.

४. कागदपत्रं

सीएसआरसाठी जाणार असाल तर:

- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र (सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ कंपनी)
- पॅन आणि संस्थेच्या नावाचं बँक खातं
- आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावानं ओळखली जाणारी दोन्ही प्रमाणपत्रं
- सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंद, १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची)
- मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब आणि अहवाल
- विश्वस्त किंवा कार्यकारिणीचा ठराव

तीन वर्षांची अट महत्त्वाची आहे. तशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव बाहेरच्या संस्थेला दाखवावा लागतो. सीएसआर-१ अर्जावर संस्थेच्या पदाधिकाऱ्याची डिजिटल सही आणि सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणन लागतं. क्रमांक मिळवून देतो म्हणून भरमसाट पैसे मागणारे मध्यस्थ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. आपल्या संस्थेचे हिशोब तपासणारा सीएच हे काम करू शकतो.

मंडळ नोंदलेलं नाही? मग दोन मार्ग. एक, परिसरातलं सार्वजनिक वाचनालय, शाळा चालवणारी संस्था किंवा जुनी नाट्यसंस्था पुढे करा: पैसे त्यांच्या खात्यात, काम दोघांचं, आणि कोण काय करणार याचा लेखी करार. दुसरा, सणापुरती वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. ती न घेता वर्गणी गोळा करणं बेकायदेशीर आहे. कार्यकर्त्याच्या खासगी खात्यात कंपनीचा पैसा कधीही घेऊ नका, रक्कम कितीही लहान असो.

मिहानमधल्या परदेशी मालकीच्या कंपनीकडे जात असाल तर एवढं विचारा की रक्कम इथल्या भारतीय कंपनीच्या खात्यातून येणार की परदेशातल्या मूळ कंपनीकडून. थेट परदेशातून येणार असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती स्वीकारता येत नाही.

५. अंदाजपत्रक

एक पान पुरे. ओळींचा क्रम मात्र असाच ठेवा: कलाकारांचं मानधन, त्यांचा प्रवास, मुक्काम-जेवण, वाद्यांची डागडुजी, मग ध्वनी आणि प्रकाश, बिछायत, परवाने, प्रसिद्धी, आकस्मिक खर्च. वाचणाऱ्याचे डोळे पहिल्या तीन ओळींवर थांबतात. तिथे मंडप दिसला तर तो मंडपाचा कार्यक्रम ठरतो.

मानधन माणशी लिहा. ‘खडी गंमत पार्टी, ठोक रक्कम’ असं लिहिलं की काटछाटीची कात्री तिथेच चालते. ‘शाहीर एक, ढोलकीवाला एक, चोनकेवाला एक’ असं लिहिलं की समोरच्याला माणसं दिसतात. खर्च कमी करा म्हणाले तर प्रसिद्धीतून करा, मंचाची रुंदी कमी करा, पाहुण्यांचे हारतुरे काढून टाका. मानधनाची ओळ हलवायची नाही, हे आमच्या मंडळानं ठरावात लिहून ठेवलं आहे आणि तुम्हीही ठेवा असं मनापासून सुचवते.

निम्मं मानधन आगाऊ आणि उरलेलं कार्यक्रमाच्याच दिवशी, असं कलाकारांना लेखी द्या. कंपनीचा पैसा बऱ्याचदा कार्यक्रमानंतर, बिलं तपासून येतो. तेवढ्या काळासाठी मंडळाकडे स्वतःची शिल्लक हवी. ती नसेल तर कार्यक्रम लहान करा. कलाकाराला ‘कंपनीचा चेक आला की देतो’ म्हणणं हा सगळ्यात वाईट सापळा आहे, कारण वाट पाहण्याची ऐपत त्याच्याकडे सर्वांत कमी असते.

कराबद्दल दोन गोष्टी. लोककला किंवा शास्त्रीय संगीत-नृत्य-नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराचं मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. आणि टीडीएस कापायची वेळ आली तर पॅन नसलेल्याची कपात २० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून पॅन आणि पासबुकाची प्रत आधीच घ्या, नसेल त्याला पॅन काढायला मदत करा.

६. कोणाकडे जायचं

वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉईल या सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात आहेत. सगळे तिथेच जातात. तिथे जाण्याआधी त्यांचं सीएसआर धोरण वाचा. धोरण आणि मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर टाकणं सीएसआर लागू असलेल्या प्रत्येक कंपनीला बंधनकारक आहे, आणि कोणत्या कंपनीनं कोणत्या जिल्ह्यात किती खर्च केला हे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर दिसतं. खाण कंपनीचा ओढा खाणीभोवतीच्या गावांकडे असणं साहजिक आहे. तुमचं काम धरमपेठेत असेल तर अर्ज तिथे टिकणं कठीण. पारशिवनी किंवा सावनेरच्या गावात असेल तर गोष्ट वेगळी.

माझा सल्ला मधल्या आकाराच्या कारखान्यांचा. पाच कोटींचा सरासरी नफा असलेल्या कंपनीची सीएसआर रक्कम वर्षाला १० लाख होते. ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समितीही लागत नाही, निर्णय संचालक मंडळ स्वतः घेतं. म्हणजे बुटीबोरी किंवा हिंगण्यात एका माणसाला भेटून, समजावून होकार मिळवता येतो. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या उद्योजक संघटना, यांच्या कार्यालयांत सभासदांची माहिती मिळते. कायद्यानं कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं, म्हणून पत्रात कारखान्यापासून तुमच्या गावाचं अंतर जरूर लिहा.

पत्र एका पानाचं, मराठीत, सोबत इंग्रजी प्रत. सोबत कलाकारांचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ, मोबाइलवर घेतलेला चालेल. व्हिडिओचं महत्त्व मी जास्त मानते. बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला खडी गंमत म्हणजे काय हे कागदावरून कळत नाही, पण ढोलकीची पहिली थाप ऐकून तो खुर्चीत पुढे सरकतो.

७. भेटवस्तूंची मागणी: सगळ्यात सोपं दार

सुक्या मेव्याच्या डब्याऐवजी पणत्यांचा संच, बांबूची परडी, भंडाऱ्याच्या कोशाचा (टसर रेशमाचा) रुमाल, महालातल्या चितारओळीतल्या मूर्तिकाराकडची मातीची लक्ष्मी. मंडळानं इथे जुळवाजुळवीचं काम करायचं: नमुने गोळा करायचे, भाव कारागिराच्या तोंडून घ्यायचा, आणि खरेदी विभागाला एक छापील यादी द्यायची.

सापळे असे. नमुना हातानं निवडून छान दिला जातो आणि मग पाचशे नग तसेच मागितले जातात. हातानं केलेल्या वस्तूंत फरक असणारच, हे मागणीपत्रात लिहून घ्या. मातीच्या वस्तूंची तूटफूट कोणाच्या खात्यावर, तेही लिहा. पाऊस लांबला तर माती वाळत नाही, भट्टी अडते, म्हणून तारखेत सवड ठेवा. वेष्टनाचा खर्च वेगळा दाखवा, नाहीतर तो कारागिराच्या मजुरीतून जातो.

कारागिराची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) करून घ्या. ती मोफत आहे, आधारवर होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला कंपनीनं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. हे वाक्य मागणीपत्राच्या तळाशी टाका. कुंभार, मूर्तिकार, टोपली विणणारे हे पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत येतात, तिकडेही त्यांची नोंद करून द्या.

८. परवाने आणि घड्याळ

मैदान मनपाचं आहे की नागपूर सुधार प्रन्यासचं, हे आधी शोधा. ले-आऊटमधल्या मोकळ्या जागांबाबत हा घोळ हमखास होतो. मनपाचं असेल तर तुमच्या झोन कार्यालयात अर्ज, नासुप्रचं असेल तर त्यांच्याकडे. पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपक परवानगी, महावितरणची तात्पुरती जोडणी, नाटक किंवा तमाशाच्या अंगानं जाणारी संहिता असेल तर रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल तर त्यांचाही परवाना घ्यावा लागतो.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस शासन रात्री १२ पर्यंत सवलत देतं, ते कोणते हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आदेशात बघा. दोन गोष्टी इथे लोक विसरतात. दिवाळी पहाट साडेपाचला सुरू करायची तर सहापर्यंत ध्वनिक्षेपकाशिवाय गायचं, सनई किंवा भजनानं ते सुंदर होतं. आणि झाडीपट्टीचं रात्रभराचं नाटक शहरात मैदानावर होऊच शकत नाही. एकतर बंदिस्त सभागृह घ्या, नाहीतर मंडळींशी बोलून संध्याकाळी साडेसहाला पडदा उघडेल असा छोटा प्रयोग बसवा. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह सुमारे दोन हजार आसनांचं आहे. पहिल्याच वर्षी एवढी जागा भरण्याचा अट्टहास नको. खडी गंमत तर प्रेक्षक तिन्ही बाजूंनी जवळ बसले की खुलते, तिच्यासाठी चौकातली सतरंजीच बरी.

९. कार्यक्रमानंतरचे पंधरा दिवस

कंपनीला अहवाल पंधरा दिवसांत गेला पाहिजे. त्यात काय हवं: मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा ओळीनिहाय ताळा, बिलांच्या प्रती, मानधन मिळाल्याची प्रत्येक कलाकाराची सही, सीएसआरचा पैसा असेल तर सीएचं विनियोग प्रमाणपत्र, आणि मोजके फोटो. फोटोंत दीपप्रज्वलन एकच पुरे, बाकी कलाकारांचे आणि मुलांचे. लहान मुलांचे फोटो देण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या.

सीएसआरच्या प्रकल्पात रक्कम उरली तर ती परस्पर दुसरीकडे वळवू नका, कंपनीला लेखी कळवा. कंपनीला तिचा हिशोब सरकारकडे द्यावा लागतो. देणगी म्हणून रक्कम आली असेल तर ८०जीचं देणगी प्रमाणपत्र आयकराच्या पोर्टलवरून काढून पाठवा, त्याची मुदत पुढच्या ३१ मेपर्यंत असते.

अहवालाची एक प्रत शाहिराला आणि कारागिरांनाही द्या, कलाकारांची नावं नीट तपासून. पुढच्या वेळी दुसऱ्या मंडळाकडे किंवा कंपनीकडे जाताना तोच कागद त्यांना मानधन ठरवायला उपयोगी पडतो. आणि पुढच्या एप्रिलमध्ये नवा अर्ज द्यायला जाल, तेव्हा शाहिराला सोबत न्या.